उघड्या डोळ्यांची प्रार्थना

मामा खरं तर कुणाचेच मामा नव्हते. त्यांना बहीणच नव्हती, तर भाचे कुठून येणार? पण चर्चच्या मंडळीतली पोरं पहिल्यांदा केस कापायला त्यांच्या खुर्चीत बसली की भोकाड पसरायची, आणि त्यांच्या आया म्हणायच्या, "रडू नको रे, मामा आहे ना!" तिथून ते जे मामा झाले ते झालेच. ती पोरं मोठी झाली, त्यांना टक्कल पडायला लागलं, तरी हे मामाच. पाळकसाहेबसुद्धा मामा म्हणत. मामींना तर कुणी विचारलंच नाही. बिचाऱ्या लग्न करून आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मामी झाल्या.

दुकान चर्चच्या रस्त्यावरच होतं. आरशासमोर एक खुर्ची, भिंतीला लागून एक बाकडं, खिडकीत तुरटीचा खडा आणि दाढीचे ब्रश. त्या खुर्चीत बसलेला माणूस का कोण जाणे, पण बोलायला लागायचा. गळ्याभोवती कापड, हात कापडाच्या आत, समोर आपलंच तोंड आणि ऐकणारा पाठीमागे. बायकोला न सांगितलेलं, डॉक्टरला न सांगितलेलं तिथे बाहेर पडायचं. मामांची कात्री चालू असायची आणि मधूनमधून "हं, हं" एवढाच आवाज.

म्हणून तर मंडळीने त्यांना वडील नेमलं. मंडळीचे वडील म्हणजे पाळकांच्या बरोबरीने माणसांची काळजी वाहणारे. मामा आधी नकोच म्हणत होते. "मला बोलता येत नाही, गाता तर त्याहून येत नाही," असं त्यांचं म्हणणं. गाण्याचं अगदी खरं होतं. मामा गायला लागले की पुढच्या बाकावरच्या बाया नुसत्या एकमेकींकडे बघायच्या. सूर एकीकडे, मामा दुसरीकडे, आणि आवाज असा की छताला भिडावा! पण काळजी वाहायची म्हणाल तर त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही. कुणी रविवारी दिसलं नाही की सोमवारी, दुकान बंद असायचं तेव्हा, मामा पिशवी घेऊन त्याच्या दारात हजर. अंथरुणाला खिळलेल्याची आधी दाढी करायची, मग विचारपूस. "गाल गुळगुळीत झाला की माणसाला जरा जगावंसं वाटतं," म्हणायचे. आणि वाटायचंही.

एक खोड मात्र होती. मामांची प्रार्थना लांबायची. बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असे आणि तिथे जो तो एकमेकांसाठी मोठ्याने प्रार्थना करी. मामा उभे राहिले की लोक बूड सावरून बसत. डोळे घट्ट मिटून मामा सुरू व्हायचे, आणि मग कुणाचा गुडघा, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या मुलाची नोकरी, काही म्हणता काही सुटायचं नाही. डोळे मिटले की मामांना समोरचं कुणी दिसायचंच नाही. एक देव आणि एक आपण, बस्स. इथेच तर सगळा घोटाळा झाला.

चर्चमध्ये पायाने भाता मारून वाजवायचा एक जुना ऑर्गन होता आणि तो वाजवायचे मास्तर. शाळेत गाणं शिकवत होते, तिथून निवृत्त झाले. घरात ते आणि मास्तरीणबाई. मामांची आणि त्यांची दोस्ती अशी की मास्तरांनी जन्मात दुसऱ्या कुणाला डोक्याला हात लावू दिला नव्हता. एक दिवस ते खुर्चीत बसले होते. मामांनी मागून विचारलं, "कल्ले जरा वर घेऊ का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाहीच. मामांना वाटलं, स्वारी रुसली वाटतं. मग त्यांनी मास्तरांच्या डाव्या कानाजवळ कात्री नुसतीच दोनदा वाजवली. मास्तर जागचे हलले नाहीत.

मग मास्तरांनी आरशात मामांचा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं, याला कळलं.

"डावा गेलाच," मास्तर म्हणाले. "उजवाही जायच्या वाटेवर आहे. डॉक्टर म्हणतात, आता उपाय नाही. गाणी बोटांत मुरलीत म्हणून निभतंय. पण लोक कुठवर आलेत ते ऐकू येत नाही हो. मागच्या रविवारी सगळे गाऊन खाली बसले तरी मी एक कडवं जास्तच वाजवलं." जरा थांबून म्हणाले, "कुणाला बोलू नका, मामा. हिलासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही. कळलं तर मला ऑर्गनवरून उठवतील. मग मी करू काय?"

"मास्तर, या तोंडातून चकार शब्द निघणार नाही," मामा म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले. 

माणसांना मामा काही बोलले नाहीत. मामींनासुद्धा नाही! पण पोटात ते दुःख घेऊन बुधवारी ते प्रार्थनेला उभे राहिले, डोळे मिटले, गुडघ्यावरून सुनेवर आले, सुनेवरून नोकरीवर, आणि मग मास्तरांवर. "प्रभू, आमच्या मास्तरांच्या कानांवर हात ठेव. डावा तर गेलाच आहे, उजवा तरी राख. त्यांचा ऑर्गन बंद पडू देऊ नको." अगदी रडून मागितलं हो त्यांनी. सगळी सभा डोळे उघडून बघायला लागली. मामांचे तेवढे मिटलेले.

मास्तरांना यातलं अक्षर ऐकू आलं नाही. तेही ऑर्गनपाशी डोळे मिटून बसले होते. आमेन झालं असेल अशा अंदाजाने त्यांनी डोळे उघडले तर सगळे आपल्याचकडे बघतायत. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक भली बाई उठून आली, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन खच्चून ओरडली, "मास्तर! आम्ही सगळे प्रार्थना करू हं! कानांसाठी!"

मास्तरांनी मामांकडे एकदाच पाहिलं. मग त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं, त्याची किल्ली झाकणावर ठेवली आणि ते चालते झाले.

घरी मामींनी असं फैलावर घेतलं म्हणता! "अहो, देवालाच सांगायचं होतं तर मनात सांगायचं ना! देव काय बहिरा आहे?" आणि हे तोंडून गेल्यावर त्यांनीच कपाळावर हात मारला आणि पदराने डोळे पुसत बसल्या. मामा जेवले नाहीत.

रविवारी ऑर्गन मुका. मंडळी गायली, पण कसली गायली! निम्मे पुढे, निम्मे मागे. मामांनी तोंडच उघडलं नाही. उपासना संपल्यावर ते पाळकांच्या खोलीत गेले. पाळकसाहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे, पण माणूस पोक्त.

"साहेब, मला वडीलपणातून मोकळं करा. मी लायक नाही."

पाळकसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली. "मोकळं करतो की. पण मामा, त्यानं तुम्ही मोकळे व्हाल. मास्तरांचं काय?"

"तुम्ही जा ना त्यांच्याकडे. तुमचा शब्द मोडणार नाहीत."

"मी जाईन, मग मला चहा देतील, माझ्याशी चांगलं बोलतील आणि येणार नाहीत. लागलंय ते तुमच्या हातून, मामा. तुम्हीच जायला हवं. वडील म्हणून नका जाऊ हवं तर."

सोमवारी मामा पिशवी घेऊन गेले. मास्तरीणबाईंनी दार अर्धंच उघडलं. "भावजी, ते भेटणार नाहीत." मामा मान खाली घालून परत. पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. गल्लीतले लोक दुरून गालात हसायला लागले. मामांची जायची वेळ झाली की मामी पिशवी दारात आणून ठेवायच्या. ऑर्गनवर धूळ बसत होती आणि मंडळीत कुजबुज सुरू झाली होती की शहाण्या माणसाने आता दुसरा वाजवणारा बघावा.  दुसरा बसला की मास्तर कायमचे गेले, हे मामांना पक्कं ठाऊक होतं.

मग एका सोमवारी दार बंद होता होता मामांना आतल्या खिडकीशी पाठमोरे बसलेले मास्तर दिसले. केस कॉलरवर आलेले, मानेवर जंगल माजलेलं.

"वहिनी, हे काय?"

"काय सांगू, भावजी! म्हटलं, चौकातल्या दुकानात जाऊन या, वेड्यासारखे दिसताय. तर म्हणाले, माझं डोकं मी एकाच माणसाच्या हातात दिलंय." बाईंनी एकदा आत वळून पाहिलं. "आणि त्या माणसावर चिडूनही बसलेत."

मामा तिथेच उंबऱ्यावर रडायला लागले. मास्तरीणबाईंनी दार पूर्ण उघडलं आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

सवयीने मामा मास्तरांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. "मास्तर," त्यांनी हाक मारली. मास्तर खिडकीबाहेरच बघत होते. मामांनी पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यभर हा माणूस लोकांच्या मागे उभा राहून बोलत आला होता. ते फिरून पुढे आले, एक स्टूल ओढलं आणि मास्तरांच्या गुडघ्याला गुडघा लागेल असे समोर बसले.

"चुकलं माझं," मामा सावकाश म्हणाले. "मला वाटलं, मी प्रार्थना करतोय. मी तुमची गोष्ट चव्हाट्यावर मांडत होतो. आणि मास्तर, खरं सांगतो, सगळ्यांची दुःखं मलाच कशी ठाऊक, हे लोकांना दिसावं असंही कुठेतरी मनात असेल. मला क्षमा करा."

मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. 

"लोक आता माझ्याशी ओरडून बोलतात," शेवटी ते म्हणाले. "दूधवालासुद्धा. वाजवत होतो तोवर मी मास्तर होतो, मामा."

 मामांनी मास्तरांचा हात हातात घेतला.  मग मास्तरांनीच खाकरून पिशवीकडे बोट दाखवलं.

"आणलंय तर कापा आता. हिला माझ्याकडे बघवत नाही."

मामांनी कापड बांधलं. त्या दिवशी काही विचारायचं असलं की ते कात्री थांबवून पुढे यायचे, विचारायचे आणि परत मागे जायचे. साध्या केस कापण्याला दुपार सरत आली. त्या येरझाऱ्यांतच त्यांना सुचलं.

"मास्तर, मी ऑर्गनच्या समोर बसतो. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून वाजवा. लोक कुठवर आलेत ते कळेल. कडवं संपलं की हात वर करतो."

"तुम्ही?" मास्तर थक्क झाले. "तुम्हाला सूर कशाशी खातात ते ठाऊक आहे का?"

"सूर नाही. तोंड तर मोठं आहे!"

मास्तर हसले. इतक्या आठवड्यांनी हसले. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. "त्यातल्या त्यात बरं एवढंच," मास्तर म्हणाले, "की तुमचं गाणं आता मला ऐकावं लागणार नाही."

त्या आठवड्यात मामांनी दुकानात येईल त्याला एकच गोष्ट सांगितली: मास्तरांशी समोर येऊन बोलायचं, ओरडायचं नाही. सांगण्याआधी त्यांनी मास्तरांना विचारलं होतं, बरं का.

रविवारी मास्तर आले. केस नीट कापलेले, मान स्वच्छ. त्यांनी किल्ली घेतली, झाकण उघडलं, धूळ रुमालाने पुसली. समोर मामा, आ वासून. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात मामांनी हात जरा लवकर वर केला आणि गडबड झाली, पुढच्या बाकावरच्या बाया हसल्या, पण मग सगळं जुळून आलं. मंडळी जिथे होती तिथेच ऑर्गन होता.

गाणी संपली. पाळकसाहेब प्रार्थनेला उठणार, तोच मास्तर उभे राहिले.

"मला दोन शब्द बोलायचेत. माझे कान गेलेत. सगळ्यांना ठाऊक आहे, तरी आज मी स्वतः सांगतोय. मामांनी माझ्यासाठी प्रार्थना करावी. त्या बुधवारी केली ती मला ऐकू आली नाही." ते मामांकडे वळले. "फक्त माझ्यासमोर उभे राहून करा, मामा. आणि डोळे उघडे ठेवा. मला बघायचीय."

मामा पुढे आले. मास्तरांच्या समोर उभे राहिले आणि सवयीने त्यांचे डोळे मिटले. मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. मामांनी डोळे उघडले. ज्यांची प्रार्थना आवरता आवरत नसे, त्या माणसाला समोरचा तो चेहरा बघून एक शब्द सुचेना. ओठ नुसते थरथरत होते, डोळ्यांतून धारा.

"मामा, तोंड नीट उघडा," मास्तर हळूच म्हणाले. "काही कळत नाहीये."

"प्रभू," मामा म्हणाले. "हे माझे मास्तर."

पुढचं काही जमलंच नाही. मास्तरांनी जरा वाट पाहिली, मग मान हलवली आणि सगळ्यांच्या आधी, फार मोठ्या आवाजात, स्वतःच आमेन म्हणाले.