दादावरच्या निबंधाचे तीन खर्डे

सोमवारी दुपारी शेजारी फोन आला. दिल्लीहून काका बोलत होते. माझा भाऊ काविळीने वारला होता. बाबा आणि मी संध्याकाळी गाडीत बसलो. आम्ही पोचलो तेव्हा काकांनी अग्नी दिला होता. बाबांनी अस्थी घेतल्या, त्याची ट्रंक घेतली, आणि आम्ही परत आलो.

त्या फेरीत मी दिल्ली पाहिली नाही. पाहिली ती पाच महिन्यांनी, जुलैत. बी.ए. झालं होतं. दिल्लीतल्या एका कॉलेजात वर्षभराचा निबंधलेखनाचा अभ्यासक्रम आहे, असं काकांनी कळवलं आणि सोबत फॉर्मही पाठवला. बाबा जा म्हणाले, कारण शिक्षण म्हटलं की ते नाही म्हणत नसत. आईचं कारण वेगळं होतं. निघायच्या दिवशी माझ्या डब्याला फडकं बांधताना ती म्हणाली, "तो कुठे राहायचा, काय खायचा, ते बघ. आणि मला लिहून पाठव."

कराडला गाडीत बसले, तर समोर एक फौजीची बायको होती. सातारा जिल्ह्यातली, नवऱ्याकडे कॅन्टोन्मेंटला चाललेली.

"पहिल्यांदा चाललीस?" तिने विचारलं.

"दुसऱ्यांदा."

"मग काय काय बघितलं पहिल्यांदा?"

"काही नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि डबा उघडला. धपाटं दिलं. चंबळच्या घळी खिडकीतून सरकत होत्या, लाल मातीच्या, वाळवीने खाल्ल्यासारख्या. उतरताना ती म्हणाली, "हिंदीत लाजायचं नाही बरं का. चुकलं तरी जोरात बोलायचं. जोरात बोललेलं चुकीचं वाटत नाही तिकडं."

काकांचं क्वार्टर लक्ष्मीबाई नगरात होतं. पिवळ्या भिंती, पुढे कडुनिंब, खाली स्कूटर. वरच्या मजल्यावर बंगाली, शेजारी मल्याळी, समोर गढवाली. संध्याकाळी सगळ्यांच्या फोडण्यांचे वास जिन्यात एकत्र यायचे. काकू मराठी बोलता बोलता हिंदीत जायची आणि परत येताना एखादा शब्द घेऊन यायची. "अगं, सब्जी जरा जास्तच तिखट झाली ना, बिल्कुल खाऊ नकोस." चुलतभाऊ शाळेत होता. मी एकदा 'उंबरठा' म्हणाले, तर तो म्हणाला, "ताई, ते काय असतं?"

इथे आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. बाबा निवृत्त हेडमास्तर. घरी पत्र आलं की ते संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. शेजारचे पाटीलकाका यायचे, कोपऱ्यावरचा शिंपी यायचा, आई दाराशी बसायची. आधी फोडून वाचायचं नाही, सगळ्यांसमोरच फोडायचं. त्यामुळे आमच्या घरात पत्र लिहिणारा प्रत्येक जण ओट्यासाठी लिहायचा. दादाची तीन वर्षांची पत्रं एकसारखी होती. शिरसाष्टांग नमस्कार, अभ्यास व्यवस्थित चालू आहे, हवा मानवली आहे. तो दिल्लीत कलेक्टरच्या परीक्षेची तयारी करत होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. शिंपी त्याला आधीपासूनच कलेक्टरसाहेब म्हणायचा.

कॉलेजात आम्ही बावीस जण होतो. शिकवायला भल्ला मॅडम होत्या, सुती साडी, पांढरे होत आलेले केस, आवाज खालचा. ज्याला जी भाषा येते तिच्यात लिहा, म्हणाल्या, आणि वर्गासाठी त्याचं हिंदी करून आणा. त्यांची पद्धत अशी की लिहिणाऱ्याने वाचायचं नाही. बाकावर शेजारी बसलेल्याने वाचायचं. मग बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, आणि लिहिणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. गप्प बसायचं, घरी जायचं आणि उत्तरं पुढच्या खर्ड्यात लिहून आणायची.

मी दादावर लिहिलं. तो निबंध मला अजून तोंडपाठ आहे, पण इथे देत नाही. तेजस्वी डोळे होते त्यात, पर्वतासारखी जिद्द होती, काळाचा क्रूर घाला होता. माझ्या शेजारी हरप्रीत बसायची. तिने तो मन लावून वाचला. वर्गात कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, सगळे हलले आहेत.

मग मागून एक मुलगा म्हणाला, "ये भाई है या भाषण?"

दोघंतिघं हसले. मॅडमनी हसणं थांबवलं नाही, पण प्रश्न विचारा म्हणाल्या. प्रश्न आले. उसका कमरा कैसा था? सुबह क्या खाता था? हँसता कैसे था? मी वहीच्या समासात ते लिहून घेतले. घरी बसमध्ये दांडी धरून उभी असताना लक्षात आलं की शेवटचा सोडला तर एकाचंही उत्तर मला येत नाही. आईनेही हेच विचारलं होतं.

राजेंद्र नगरला दादाची बरसाती (गच्चीवरची एकटी खोली) होती. पत्ता पत्रांवर होता. दिवाळीनंतर एका रविवारी मी गेले. जिना इतका अरुंद की समोरून सिलिंडर घेऊन उतरणाऱ्या माणसासाठी मला पुन्हा खाली यावं लागलं. वर सलीम शेख होता. लातूरचा, दादाचा खोलीतला सोबती. दादाला इस्पितळात त्यानेच नेलं होतं. काकांनाही त्यानेच कळवलं होतं. मी नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला आणि खुर्चीवरची पुस्तकं उचलून खाटेवर ठेवली.

"बसा ताई. चहा ठेवतो."

भिंतीवर नकाशा होता, नद्या निळ्या पेनाने गिरवलेल्या. मी विचारलं, "दादाची खाट कुठली?"

तो स्टोव्हला पंप मारत राहिला. मग म्हणाला, "ताई, नंदूभाई इथं नव्हते राहत. वर्ष झालं होतं. पत्रं तेवढी इथं यायची, मी नेऊन द्यायचो."

"मग कुठे होता?"

"गुडगावला. परीक्षेचं सोडलं होतं त्यांनी. नोकरी करत होते."

"कशाची?"

"घरं दाखवायची." त्याने चहा गाळला. "मी म्हणलो होतो, घरी सांगा. तर म्हणाले, आमच्याकडं पत्र मोठ्यानं वाचतात यार."

गुडगावला आम्ही पौषात गेलो, सलीम आणि मी. धौला कुआँपासून बस. सलीमने मला हरयाणाची बस म्हणून जिच्यात बसवलं ती विमानतळाकडे वळली, आणि आम्हाला उतरून अर्धा तास उलटं चालावं लागलं. "दिल्लीत चार वर्षं झाली तुम्हाला," मी म्हणाले. "पुस्तकात झाली ताई," तो म्हणाला. दुसऱ्या बसमध्ये एका बाईने आपल्या पिशव्या मांडीवर घेऊन मला जागा दिली. धुकं विरत होतं. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली होती, आणि त्या पिवळ्यातून एकदम काँक्रीटचे सांगाडे वर आलेले, दहा-दहा मजल्यांचे, भिंती नसलेले. एका सांगाड्याच्या तळमजल्यात म्हशी बांधल्या होत्या.

बिल्डरच्या ऑफिसला रविवारची गर्दी होती. तिथे दादाला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. माणसं दर चार महिन्यांनी बदलतात, असं टाय लावलेल्या एकाने नम्रपणे सांगितलं. बाहेर पडताना ओल्या सिमेंटात माझी चप्पल अडकली आणि पट्टा तुटला. समोर चहाची टपरी होती. टपरीवाल्याने सुतळी दिली, मूढा (बोरूच्या काड्यांचं विणलेलं बसकं आसन) पुढे सरकवला. त्याचं नाव धरमवीर. ज्या जमिनीवर ते ऑफिस होतं ती पूर्वी त्याच्या घरची शेतं होती. आता तो तिथेच चहा विकत होता आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

सलीमने दादाचं नाव घेतलं.

"नंदू?" धरमवीरने किटली खाली ठेवली. "तू उसकी बहन सै?" 'सै' म्हणजे 'है', सलीमने मला हळूच सांगितलं.

पुढचा तासभर तोच बोलत होता. दादा त्याच्या मागच्या खोलीत राहायचा. सकाळी स्टोव्हवर पोहे करायचा, पिवळे, आणि टपरीवर आलेल्या गवंड्यांनाही द्यायचा. धरमवीर त्याला 'गीला चिवड़ा' म्हणायचा. लोक घर बघायला यायचे तेव्हा घर नसायचंच. दादा चुन्याची पिशवी घेऊन शेतात उभा राहायचा आणि पावलं मोजत रेघा ओढायचा. हे स्वयंपाकघर. ही खिडकी, इथून सकाळचं ऊन. इथे देवघर, दार पूर्वेला.

"एक बूढ़ा-बूढ़ी आए," धरमवीर म्हणाला. "नौवीं मंज़िल का पूछें थे. यो मेरे दो मूढे उठा ले गया, खेत में रख दिए. बोल्या, बैठो माताजी, यो थारी बालकनी सै. आँख मींचो. दोनों मींच के बैठ गए. पाँच मिनट. मैं चाय भी वहीं दे के आया."

"मग? घर घेतलं त्यांनी?" मी मराठीतच विचारलं. सलीमने हिंदी केलं.

"ना लिया. पर हर महीने आवें थे, बैठण." तो हसला. "ऑफिस वाले कहें, नंदू, तू घर बेचै सै के हवा?"

त्याने आम्हाला गरम मठरी (मैद्याची जाड खारी पुरी) आणि लोणचं दिलं. मी विचारलं, तो आनंदात होता का? धरमवीरला प्रश्न कळला नाही. म्हणजे शब्द कळले, पण असं काय विचारायचं, असा त्याचा चेहरा झाला. "गाता था," तो म्हणाला. "बेसुरा."

संध्याकाळी परत आलो. काकांना सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. त्यांना अंदाज होता. इस्पितळात टाय लावलेले दोघे येऊन गेले होते.

"बाबांना सांगायचं?" मी विचारलं.

काका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. म्हणाले, "सगळं फाइलवर यायलाच हवं असं नसतं, बेटा. वर्षश्राद्धापर्यंत तरी राहू दे."

पण वर्षश्राद्धासाठीच बाबांचं पत्र आलं होतं. गावातले लोक येतील. शाळेत नंदूच्या नावाने स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांचं कपाट ठेवतोय. तू लेखन शिकते आहेस, तर त्याच्यावर दोन पानं लिहून आण. मी वाचीन.

मी दुसरा खर्डा लिहिला. खोली, पोहे, चुना, मूढे, सगळं. विशेषणं गळून गेली, कारण त्यांना जागाच उरली नाही. हरप्रीतने वाचला. या वेळी मागचा मुलगाही पुढे वाकून ऐकत होता. मग भल्ला मॅडमनी स्वतः प्रश्न विचारला, तो त्या क्वचित विचारत.

"इसमें तुम कहाँ हो?"

मी पद्धतीप्रमाणे गप्प बसले. उत्तर मला ठाऊक होतं. दादा गेला त्याच्या आधीच्या दिवाळीला घरी आला होता, तेव्हा परसात पावलं मोजत फिरत होता. म्हणाला, "इथे बाल्कनी काढली तर बघ, संध्याकाळी डोंगर दिसेल." तो काहीतरी सांगायला आला होता. मी म्हणाले, "कलेक्टरसाहेब, आधी परीक्षा पास व्हा." तो हसला. तो कसा हसला हे मला माहीत होतं, आणि तेच मी दोन्ही खर्ड्यांत लिहिलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना ओट्यावर वाचता येईल असा दादा हवा होता, आणि त्यात मी होते. तिसऱ्या खर्ड्यात मी ते लिहिलं. तो मी वर्गात दिला नाही. माघात सुट्टी घेऊन गावी नेला.

वर्षश्राद्धाच्या सकाळी बाबा आंघोळ करून विहिरीपाशी उभे होते. मी पानं त्यांच्यापुढे धरली.

"संध्याकाळी दे," ते म्हणाले. "आपल्याकडे आधी वाचत नाहीत."

"बाबा, हे आधी वाचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा आणायला स्वतःच आत गेले. मागच्या पायरीवर बसून वाचलं, हेडमास्तरांसारखं, बोट ओळीखाली धरून. मी तुळशीपाशी उभी होते. संपल्यावर त्यांनी पानं पुन्हा पहिल्यापासून लावली आणि पुन्हा वाचली. मग विचारलं, "या माणसाचं नाव धरमवीरच ना?"

"हो."

"त्याने चहा नेऊन दिला. शेतात."

"हो."

ते उठून गेले. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. ते वाचतील की नाही, मला कळेना. आईला मी काही सांगितलं नव्हतं. ती स्वयंपाकात होती.

पाच वाजता ओटा भरला. बाबा पाणी प्यायले आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. 'परीक्षा सोडली होती' या वाक्याशी ते थांबले नाहीत. आवाज तेवढा वर्गातला झाला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. शिंपी खाली बघत होता. परसातल्या बाल्कनीची ओळ आली तेव्हा मात्र ते थांबले, माझ्याकडे पाहून नाही, नुसतेच. मग ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि पुढे गेले.

पाटीलकाका म्हणाले, "हुशार होता." लोक उठले.

आई दाराशीच बसून होती. तिने मला विचारलं, "पोह्यांत शेंगदाणे घालायचा का?"

"विचारलं नाही मी."

"विचारायचं होतंस," ती म्हणाली. मी ते वहीत लिहून घेतलं.

मी दिल्लीला परतले, अभ्यासक्रम पूर्ण केला, पुढे लिहीत राहिले. गुडगावला नंतर अनेकदा गेले. मोहरीची शेतं नाहीत, टपरी नाही. प्रवासाला निघालं की आपण जागा बघायला निघालो असं वाटतं. मला त्या वर्षात एवढंच कळलं की बघून आलेलं घरी सांगता आलं तरच प्रवास पुरा होतो, आणि सांगताना स्वतःला वगळून चालत नाही.

शाळेतल्या त्या कपाटात बाबांनी शेवटी गोष्टींची पुस्तकं ठेवली. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा आहेत. ऐकू कमी येतं. कुणी दादाबद्दल विचारलं तर सांगतात की तो गुडगावला घरं दाखवायचा.