होऊन गेलेला लिंबाजी

कोळगावच्या शाळेपुढं लिंबाजीची जीप सकाळी आठला उभी राहते. पाशिंजर येतात, जागा धरतात, पण गाडी लगेच निघत नाही. लिंबाजी खाली उतरतो, डिझेलच्या टाकीचं झाकण उघडतो, नाक तिथं नेतो आणि वास घेतो. एकदा नाही, दोनदा. मग झाकण लावून म्हणतो, "हाव, बसा नीट." तेव्हा कुठं चावी फिरते. कॉलेजला जाणारी पोरं खिदळतात, मामाला डिझेलची नशा हाय म्हणतात. म्हणेनात का! पोरांना कोरोनाच्या वर्षातलं आठवतं ते शाळा बंद होती एवढंच.

लिंबाजी आता साठीला आलाय. तीस वर्षं मुदखेड आणि नांदेडच्या मधल्या सडकेवर गाडी हाकतोय. घर बौद्धवाड्यात, विहाराच्या मागं. मुलगा आदर्श पुण्याला कंपनीत, सून रेणुका गावातच आशाताई. बायको भामाबाई. होती. तिचं पुढं येईलच.

दोन हजार वीसच्या पोळ्यानंतर गावात पहिला नंबर लिंबाजीचा लागला. नांदेडहून कुणाला तरी घेऊन आला आणि सोबत ते दुखणं घेऊन आला. तो तालुक्याच्या सेंटरवर जाऊन पोचतो न पोचतो तोच इकडं बौद्धवाड्याच्या तोंडाला बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या. नळाचं पाणी तिकडं सोडू नका म्हणाले. भामाबाई चौदा दिवस ओढ्यापलीकडच्या हापशावरून पाणी आणत होती. वाटेत बाया तिला बघून पदर नाकाला लावत. तिनं आयुष्यात असलं पहिल्यांदा बघितलं असं नव्हे. गावाची सवय जुनीच, निमित्त तेवढं नवं.

लिंबाजी परत आला तो अंगातलं सगळं पाणी आटल्यासारखा. हातात एक कागद होता. रुग्णास लक्षणे नाहीत, घरी सोडण्यात येत आहे, खाली सही आणि शिक्का. त्यानं तो कागद ट्रंकेत टाकला आणि आठ दिवस झोपून काढले.

नवव्या दिवशी शेषेराव दारात. शेषेराव म्हणजे गावचे मोठे शेतकरी, दोनदा सरपंच झालेले, ज्यांच्या सांगण्यावरून त्या फांद्या पडल्या तेच. त्यांच्या धाकट्या भावाला दम लागला होता. रुग्णवाहिका सांगितली तर ती भोकरकडं गेलेली, आणि दुसरा कुणी गाडीवाला त्यांच्या वाड्याकडं फिरकेना. वाटेतल्या बाभळी शेषेरावांनी स्वतःच्या हातानं ओढून बाजूला केल्या होत्या. बोटातून रक्त येत होतं.

"लिंबाजी, तूच ने बाबा. तुला होऊन गेलाय. आता तुला काय भ्या?"

"पुन्हा व्हत न्हाई हे कुणी सांगितलं, पाटील?"

"आरं, गोवर एकदा निघाला की पुन्हा निघतो का? माझी माय म्हणून राहिली, हे बी तसंच हाय."

त्यांची आई विठाबाई म्हणजे गावातल्या गोवर-कांजण्यांचं पंचांग. तिनं सांगितलं म्हणजे संपलं. लिंबाजीला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यावंसं वाटलं. त्यानं गाडी काढली, शेषेरावांच्या भावाला नांदेडच्या दवाखान्यात नेलं, आणि तो माणूस बारा दिवसांनी चालत घरी आला.

झालं! त्या दिवसापासून गावानं लिंबाजीचं बारसंच केलं. "होऊन गेलेल्याला बोलवा." ताप आला, होऊन गेलेल्याला बोलवा. दवाखान्यात डबा द्यायचाय, होऊन गेलेल्याला बोलवा. कुणी गेलं आणि पोरगं प्रेताला हात लावायला भिऊन उभं राहिलं, तरी होऊन गेलेल्याला बोलवा. भामाबाई चिडायची. "पयले बी असली कामं आपल्याच वाटणीला व्हती. आता कागदावर शिक्का मारून दिली एवढंच."

पण लिंबाजीला, खोटं कशाला बोला, ते आवडत होतं. शेषेराव त्याला लिंबाजीराव म्हणू लागले. ज्या ओट्यापुढं तो जन्मभर उभा राहून बोलला, त्या ओट्यावर बसून चहा मिळू लागला, घरातल्या कपातून. त्यानं मुदखेडला झेरॉक्सच्या दुकानात तो सुटकेचा कागद प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला आणि जीपच्या आरशाला लाल दोऱ्यानं टांगला. गावोगावचे लोक दुसऱ्या गाड्या सोडून त्याच्याच गाडीत बसायला लागले. कागद बघायचे, बसायचे, तोंडावरचा रुमाल खाली करायचे.

रेणुकाला ते बघवेना. "मामा, त्याच्यावर घरी सोडलं एवढंच लिवलंय. पुन्हा होणार न्हाई असं कुठं लिवलंय?"

"मग कुठवर चालतोय हा कागद? तूच इचार तुझ्या डॉक्टरला."

तिनं विचारलं. डॉक्टर तरुण होता, दोन रात्री झोपला नव्हता. म्हणाला, कुणी तीन महिने म्हणतात, कुणी सहा, कुणी वर्ष. मला विचाराल तर मला माहीत नाही.

"घ्या!" लिंबाजी म्हणाला. "गाडीची बॅटरी घेतली तर दुकानदार अठरा महिन्यांची ग्यारंटी लिहून देतो. अन् इथं एवढा शिकलेला माणूस म्हणतो माहीत न्हाई."

थंडीत सगळं निवल्यासारखं झालं. लोकांनी लग्नं लावून घेतली. गेला एकदाचा, असं जो तो म्हणायचा. आणि मार्चमध्ये पुन्हा. या खेपेला आधीपेक्षा दुप्पट. लिंबाजी दिवसाला तीन-तीन खेपा करत होता. एका दवाखान्यात खाट नाही, दुसऱ्यात ऑक्सिजन नाही, मागं माणूस घरघरतोय आणि त्याची बायको विचारतेय, दादा, अजून किती लांब? येताना प्रत्येक फाट्यावर कुणी तरी हात करून थांबवायचं ते एकच विचारायला, "लिंबाजीराव, हे कवा जाईल हो?" पहिल्या साली तो काही तरी सांगायचा, ऊन तापलं की मरतंय, असं काही. आता नुसती मान हलवायचा. थकला होता माणूस. अंग दुखायचं, पण ते तर महिनाभर दुखतच होतं.

एप्रिलात लस आली. पंचेचाळीसच्या वरच्यांना मिळणार, पण कधी येईल आणि कधी संपेल याचा नेम नाही. एका संध्याकाळी रेणुका धावत आली. "उद्या नऊ वाजता. कोळगावला सातच डोस. गाडी भरून न्यायची. परवाचं कुणी सांगत न्हाई." सात नावं तिनं काढली. त्यात विठाबाई, वय ऐंशी. आणि सासू भामाबाई.

भामाबाई आधी नाही म्हणाली. "ह्यांना होऊन गेलाय, आता घरात काय येतंय?" रेणुकानं दोन तास समजूत घातली तेव्हा कबूल झाली. मग चुलीवर डाळ ठेवून, "जरा ध्यान ठेवा आवो," असं सांगून पाण्याला गेली. परत आली तर डाळ बुडाला जळून कोळसा, भांड्यातून धूर निघतोय, आणि लिंबाजी चुलीपाशी पाटावर बसलेला.

"आगं माय! आवो, नाक हाय का खुंटी? शेजारच्या गल्लीत वास येऊन राहिला, अन् तुम्ही इथं बसून!"

"डोळा लागला व्हता," लिंबाजी म्हणाला. दोघं हसले. बुडाची जळकी डाळ सोडून वरची खाल्ली, एकाच ताटात, आणि एकाच खोलीत झोपले.

सकाळी गाडी शाळेपुढं. सातही जणं बसली. पुढं लिंबाजीशेजारी भामाबाई, नवी साडी, मांडीवर आधार कार्डाची पिशवी. मागं विठाबाई आणि बाकीचे. शेषेरावांनी घरून कॅन आणून स्वतः डिझेल ओतलं. ओतताना हात हलला आणि ते लिंबाजीच्या सदऱ्यावर सांडलं, छातीपासून खालपर्यंत.

"आरारा! दिवसभर वास येईल बघ," शेषेराव म्हणाले.

लिंबाजीनं सदरा नाकाला लावला. पुन्हा लावला. ओला सदरा मुठीत धरून पुन्हा. काही नाही. पहिल्या वेळीही असंच झालं होतं, आधी वास गेला, मग ताप आला.

त्याला रात्रीची डाळ आठवली. डोळा लागलाच नव्हता. तो चांगला जागा होता, चुलीतला जाळ बघत बसला होता.

आता काय करायचं? गप्प बसून गाडी हाकली असती तर कुणाला कळणार होतं? अर्ध्या तासाचा तर रस्ता. परवा लस मिळेलच असं नाही. आणि बोललं तर बाभळी पुन्हा येणार, ओट्यावरचा चहा गेला, लिंबाजीराव गेला, हे सगळं त्याला दिसत होतं. पण मागं सहा म्हातारी माणसं रुमाल खाली करून बसली होती. का, तर आरशाला कागद टांगला होता म्हणून. त्यानं हात वर करून तो कागद दोऱ्यासकट तोडला.

"उतरा समदे. मला पुन्हा झालाय."

"आरं, चेष्टा करतोस का?" शेषेराव ओरडले. "तुला होऊन गेलाय!"

"हाव, गेला व्हता. पुन्हा आलाय. उतरा, पाटील, मायला उतरवा आधी."

मग जे झालं ते सांगायला नको वाटतं. वर्षभर फसवलंस म्हणाले. आमच्या पोरांना याच गाडीतून नेलंस म्हणाले. ज्यांना त्यानं मध्यरात्री उचलून दवाखान्यात टाकलं होतं तेच म्हणाले. शेषेरावांनी ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत पोतं अंथरून सहा जणांना बसवलं. सातवी भामाबाई खाली उभी राहिली. तिला कुणी ढकललं नाही. ती आपणहून मागं सरली. "मी ह्यांच्याच घरातली," एवढंच बोलली. रेणुका रडकुंडीला आली, पण नियमानं तिलाही तेच सांगावं लागलं असतं. सातवा डोस शेजारच्या गावच्या कुणाला तरी मिळाला.

लिंबाजीला या खेपेला नुसता ताप येऊन गेला. भामाबाईला सहाव्या दिवशी दम लागला. गावात तिला न्यायला गाडी एकच होती, ती लिंबाजीनंच हाकली, स्वतःला ताप असताना. नांदेडला चौथ्या दवाखान्यात खाट मिळाली. तिथं ती पाच दिवस होती, मग गेली. जलदानविधीला घरातलीच पाच माणसं, आणि गल्लीच्या तोंडाला बाभळीच्या फांद्या.

पुढं एकदा त्यानं त्या तरुण डॉक्टरला गाठलं. विचारलं, त्या रात्री मी गाडीत झोपलो असतो तर? डॉक्टर म्हणाला, कदाचित तिला आधीच झाला असेल, कदाचित नसेल, मला माहीत नाही काका. या वेळी लिंबाजीला त्याचा राग आला नाही.

बाभळी केव्हा निघाल्या, कुणी काढल्या, कुणाला आठवत नाही. त्यावर गावात कधी बोलणं झालं नाही. सहाही म्हातारी माणसं त्या लाटेतून निभावली. त्यांपैकी विठाबाई अजून आहे. कंबरेत वाकली आहे, पण जीभ शाबूत आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात टीव्हीवर पुन्हा तेच दाखवायला लागले. कुठला नवा प्रकार, कुठं किती सापडले. एका सकाळी शेषेराव आईला डोळे दाखवायला नांदेडला न्यायचं म्हणून जीपपाशी आले.

"ऐकलं का, लिंबाजी? पुन्हा येऊन राहिला म्हणं. तुला बरं हाय, तुला तर दोनदा होऊन गेलाय. येळ आली तर गावाला तूच."

पूर्वीचा लिंबाजी असता तर फुलला असता, किंवा भांडला असता. त्याच्यात दोन्हीची ताकद उरली नव्हती.

"येळ आली तर गाडी काढीन, पाटील. कागद मागू नका."

"पण येईल का तो परत? तुझा काय अंदाज?"

"मला मालूम न्हाई."

त्यानं विठाबाईला हाताला धरून गाडीशी आणलं. पुढची जागा रिकामी होती. म्हातारीनं तिकडं बघितलं आणि म्हणाली, "मी मागंच बसते रे. ती भामाची जागा हाय." लिंबाजीनं तिला मागं बसवलं, खाली उतरून टाकीचं झाकण उघडलं, नाक नेलं. एकदा, दोनदा.

"आला का रे वास?" विठाबाईनं आतून विचारलं.

"आला, माय."

"मग रोज रोज कशाला बघतोस? गाडीतलं डिझेल कुठं जातंय?"

मागची कॉलेजची पोरं हसली. लिंबाजीनं झाकण घट्ट फिरवलं आणि हात सदऱ्याला पुसले.

"त्या दिवशी डाळ जळून राहिली व्हती, माय," तो म्हणाला. "अन् मी चुलीपाशीच बसलो व्हतो."