टकटक करणारे शब्बीरभाऊ

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि लिहिण्यात चुकाही होतात, कारण शाळा चौथीतच सुटली. वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून आमच्या शेजारच्या शब्बीरभाऊंबद्दल लिहून ठेवते.

आमच्या जवळा बाजार गावात ते धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवतात. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी पातेलं, खिडकी, पिंप, जे दिसेल त्यावर बोटानं टकटक करतात आणि कान लावतात. "ह्याच्यात गाणं हाय, ताई," म्हणतात. असे आवाज माइकवर घ्यायचे, कॉम्प्युटरवर कमीजास्त करायचे आणि गाणी बनवणाऱ्यांना पाठवायचे, हा त्यांचा नाद. माइकसाठी मी माझ्या शेळ्यांचे पैसे दिले होते. वर्ष होत आलं तरी एकही आवाज विकला गेला नव्हता. त्यांच्या बायको जुबेदाभाभी रोज म्हणायच्या, "ते माइकचं मशीन विका अन् ताईचे पैसे देऊन टाका. खडखड ऐकायला कोन पैसे देतंय?"

मग पुण्याच्या एका गाणंवाल्यानं ठेका मागितला. वाद्याचा नको, आजवर कुणी ऐकला नसेल असा. शब्बीरभाऊ माझा तेलाचा जुना डबा घेऊन गेले, गंजलेला, पोचे पडलेला. भाभींना म्हणाले, "हे बी जमलं न्हाई तर मशीन विकून टाकतो."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर डबा चकचकीत! शेजारणीचं भांडं घासल्याशिवाय परत कसं द्यायचं, म्हणून भाभींनी तो घासला होता, वर पोचेही ठोकून काढले होते. भाऊंनी बोट मारलं. कुठल्याही डब्याचा येतो तसा आवाज आला.

मला वाटलं, आता भांडण होणार. भाऊंनी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "कशानं घासला?"

"राखेनं अन् नारळाच्या शेंडीनं. काहून?"

"पुन्हा घास."

"थट्टा करून राहिले का माझी?" भाभी भडकल्या आणि खर्र-खर्र, खर्र-खर्र घासायला लागल्या. भाऊंनी हळूच माइक पुढे सरकवला. "अजून राग येऊ दे, बेगम!"

पुण्याला तोच ठेका पसंत पडला. मागून आणखी आवाज मागवले. भाऊ दर बाजाराला थोडे थोडे पैसे आणून देऊ लागले. परवा शेवटचे आणले, तेव्हा भाभीही सोबत होत्या. मी न मोजताच पदराला बांधायला लागले.

"न्हाई ताई, मोजा," भाभी म्हणाल्या.

मी मोजले. बराबर भरले.

"झालं," भाभी म्हणाल्या, "आता मशीन आमचं."