कोंबडीच्या पसंतीची साडी

पारोळ्यात हट्टी माणसांची वानवा नाही, पण माझ्या आत्याच्या यजमानांपुढे ती सगळी म्हणजे गरीब गाई! आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. तर आमचे फुवा एकदा म्हणाले म्हणजे म्हणाले. त्यांना समजवायला गेलेला माणूस दोन कप चहा पिऊन, दमून घरी जातो.

या फुवांना लाल आणि हिरव्यातला फरक जन्मापासून कळत नाही. दोन्ही एकाच मातकट रंगाचे दिसतात. तरुणपणी इंजिन चालवायचं म्हणून भुसावळला गेले, लेखी परीक्षेत वर आले, आणि डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकानं त्यांना घरी पाठवलं. मग गणिताचे मास्तर झाले. हाताला लागेल त्या पेननं पेपर तपासत, त्यामुळे नापास पोरांचे पेपरसुद्धा हिरवेगार असत. घरात हे सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं नाही. टोमॅटो पिकले का, मिरची लाल झाली का, हे फुई हळूच सांगणार आणि फुवा आधीच ठाऊक असल्यासारखी मान हलवणार.

निवृत्तीनंतर त्यांनी कुठेतरी वाचलं की बैलाला आणि कुत्र्यालाही लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही, आणि कोंबडीला मात्र माणसापेक्षाही जास्त रंग दिसतात. झालं! माणूस पेटला. मला म्हणाले, “म्हणजे मी बैलाच्या भावकीतला, आणि तू कोंबडीपुढे आंधळा. उगाच शहाणपणा नको.” त्या वर्षी पोळ्याला त्यांनी धाकट्या भावाच्या बैलांची शिंगं निळी-पिवळी रंगवायला लावली. सण बैलाचा, मग रंग बैलाला दिसायला नको? भाऊ म्हणाला, “बैलाला स्वतःची शिंगं कुठं दिसतात, नाना?” फुवा म्हणाले, “जोडीदाराची दिसतात ना!”

पण खरा ध्यास कोंबडीचा. परसात चंपा नावाची गावठी कोंबडी आली. एक लाल वाटी, एक हिरवी. बुडाला रंगाचं नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या, फुवांसाठी. लाल वाटीत बाजरी, हिरवीत खडे. आठवड्याभरात चंपा तयार झाली. मग जागा बदलून, रिकाम्या वाट्या मांडून परीक्षा. ती धावली की फुवा वाटी उलटी करून चिठ्ठी वाचत आणि मांडीवर थाप मारत. स्वतःचीही परीक्षा घेत. “ती पहिली आली, मास्तर नापास,” असा निकाल मला फोनवर कळे. पुढे पुढे चंपाला लाल दिसलं की धीर धरवेना. माझ्या बायकोच्या रंगवलेल्या नखांना तिनं टोच मारली, आणि गॅसचं सिलिंडर आलं की ती त्याच्याशी भांडायला जाई.

फुई वैतागे. “अहो, काय पाह्यजे ते माले इचारा ना!”

“तू माया करस,” फुवा म्हणत. “बठ्ठा लोके मन राखाले खोटं बोलतस. कोंबडी नही.”

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, महिनाभर आधीची गोष्ट. मी पारोळ्याला गेलो होतो. फुईनं ट्रंकेतल्या साड्या उन्हात दोरीवर घातल्या होत्या. त्यात ती डोहाळजेवणाची साडी. डोहाळजेवणाला हिरवीच साडी लागते, आणि चाळीस वर्षांपूर्वी ती फुवांनी एकट्यानं धुळ्याला जाऊन, कुणाला न विचारता, स्वतःच्या पसंतीनं आणली होती. हा पराक्रम आम्ही दर लग्नात ऐकलेला. चंपा आली, बाकीच्या साड्या सोडून थेट त्या साडीच्या पदराला टोचायला लागली. हाकलली, पुन्हा आली.

फुवा उठून उभे राहिले. “ही लाल शे?”

मी जमिनीकडे बघत राहिलो. फुईनं टोचलेला पदर हातात घेऊन सारखा केला. मग म्हणाली, “विटकरी शे.”

“आणि त्या दिवशी बाया काही बोलल्या नहीत?”

“मी सांगी ठेवेल व्हतं. माले हीच आवडनी, कोणी एक अक्षर बोलानं नही.”

दोन दिवस वाट्या परसात तशाच पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी फुवांनी त्या घासल्या, बाजरी हिरव्या वाटीत घातली आणि खडे लाल वाटीत. काही आठवड्यांत चंपा लाल सोडून हिरव्यामागे धावायला लागली.

आखाजीच्या दोन दिवस आधी मला फोन. “गाडी काढ. धुळ्याला जायचंय. आपण तिघं.” तिसरी चंपा, टोपलीत! दुकानदार गादीवरून उठलाच. “मास्तर, हे काय?” फुवांनी पिशवीतून ती जुनी साडी काढून दाखवली आणि शांतपणे म्हणाले, “गिऱ्हाईक शे. जुन्या साडीसारखे काठ असलेल्या बठ्ठा खाली पसर.” चंपा लालवरून चालत गेली, निळीवरून गेली, पांढऱ्या चादरीवर नको ते केलं, आणि शेवटी एका साडीवर मान वाकवून टोच-टोच-टोच. हिरवीगार, पोपटाच्या पंखासारखी. फुवांनी कपाळाचा घाम पुसला. बरोबर आहे का, असं त्यांनी ना मला विचारलं ना दुकानदाराला.

आखाजीच्या सकाळी त्यांनी ती फुईच्या हातात दिली. तिचे डोळे भरून आले. थोड्या वेळानं ती दोन्ही साड्या घेऊन ओट्यावर आली. “आता कोणती नेसू?”

“तुले आवडस ती.”

ती आत गेली आणि नेसून दारात उभी राहिली. फुवांनी तिच्याकडे पाहिलं, मग चंपाकडे. चंपा मातीत लोळत होती. तिनं एकदा फुईकडे पाहिलं आणि पुन्हा पंखात चोच घातली, जागची हलली नाही.

फुवांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

“हिरवी भलती शोभस तुले,” ते म्हणाले.

फुवांना खोटं बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.