एकांतातला नकार

नवऱ्याची एअर फोर्समधली बदली चंदीगडला झाली आणि तिथल्या एका छोट्या ट्रस्टच्या रुग्णालयात मला डायलिसिसच्या वॉर्डात नोकरी लागली. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सेक्टर सतराच्या बाजारपेठेत कॉम्प्युटर शिकवणारे नवनवे क्लास उघडत होते, आणि आमच्या रुग्णालयात किडनी बदलायच्या शस्त्रक्रिया नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मी मिरजेत नर्सिंग शिकलेली, तोंडानं फटकळ, पण कानानं चांगली. वर्षाच्या आत पंजाबी समजायला लागलं, पुढे तोडकंमोडकं बोलायलाही लागले. तरी वॉर्डातल्या बायका मला मद्रासीच म्हणायच्या. नर्स म्हणजे दक्षिणेकडची, हे त्यांचं ठरलेलं होतं. सुरुवातीला मी भांडून महाराष्ट्र कुठे आहे ते सांगायची, नंतर कंटाळले.

माझं पंजाबी बघून आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, माझ्यावर एक काम सोपवलं. किडनी देणाऱ्या माणसाशी, शस्त्रक्रियेच्या आधी, एकांतात बोलायचं. घरच्यांना बाहेर बसवायचं, दार लावायचं आणि विचारायचं: तुम्हाला खरंच द्यायची आहे ना? समोरचा नाही म्हणाला, तर ते नाही आमच्यापाशीच राहायचं. बाहेर घरच्यांना सर एवढंच सांगायचे, 'मेडिकली अनफिट.' सगळा दोष डॉक्टरांच्या माथी, माणूस मोकळा. मला ही पद्धत फार आवडली होती. नकार द्यायची सोय असलेली जागा बायकांना एरवी कुठे मिळते? आणि आमच्याकडे किडनी द्यायला यायच्या त्या बहुतेक बायकाच. आई, बायको, बहीण. पुरुषांना म्हणे कामावर जायचं असतं. त्यावरून मी घरी नवऱ्याला इतकं ऐकवायची, की शेवटी तो म्हणाला, "अगं, मी कुणाची किडनी घेतलेली नाही."

तर अशी एक बहीण आली. चंदीगडजवळच्या खरडच्या पलीकडच्या गावातली, विशीतली, लांब वेणीची. तिचा मोठा भाऊ आमच्याकडे आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यायचा. वडील नव्हते. आईला साखरेचा आजार, म्हणून ती बाद. भावाच्या बायकोचा रक्तगट वेगळा, म्हणून तीही बाद. राहिली बहीण. तिचं लग्न ठरलेलं होतं, लुधियानाजवळचं स्थळ होतं, आणि लग्नापर्यंत ती बसनं रोज सेक्टर सतराला कॉम्प्युटर शिकायला यायची. भावाशी तिचं जुळलं, रक्तगटही आणि पुढच्या तपासण्याही. तो रिपोर्ट आला त्या दिवशी आईनं अख्ख्या वॉर्डात लाडू वाटले. मीसुद्धा खाल्ला.

एकांताच्या दिवशी मी आईला चहा घ्यायला खाली पाठवलं आणि ड्रेसिंगच्या खोलीचं दार लावून घेतलं. मुलगी स्टुलावर बसली. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं दाराकडे बघितलं. मी म्हटलं, "इथे बोललेलं बाहेर जात नाही." मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही, सिस्टर जी. माझी जुळते का, एवढंच डॉक्टरांना विचारलं."

"मी विचारतेय ना."

"मग नाही," ती म्हणाली. "भीती वाटते. मोठ्या भावावर, वीरजींवर, माझा जीव आहे. पण मला नाही द्यायची."

म्हणाली आणि रडली नाही. कुणी मोठं ओझं खाली ठेवावं तशी खांदे सैल सोडून बसली. मला तिचं कौतुक वाटलं आणि माझं स्वतःचंही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, काळजी करू नकोस, आम्ही बघतो.

सर त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. निरोप मीच द्यावा असं त्यांनी सांगितलं, आणि 'अनफिट' याच्या पलीकडे एक शब्द बोलायचा नाही, हेही बजावलं. मी बाहेर आले. आई चहाचे पेले घेऊन उभी. मी सांगितलं, माताजी, मुलगी अनफिट आहे, तिची किडनी घेता येणार नाही.

"का?"

"डॉक्टरांनी ठरवलंय."

"पण सगळं जुळलं होतं ना? लाडू वाटले मी."

आता जुळलं नाही असं सांगायची वाट बंद होती. भाऊ पलंगावरून मान वळवून बघत होता, त्याची बायको पुढे आली होती, शेजारच्या पलंगांवरच्या नातेवाइकांचेही कान इकडेच होते. आणि आईच्या नजरेत संशय उगवायला लागला होता. ती मुलीकडे वळली. आत काय बोललीस, असं आता ती विचारणार, आणि ही पोरगी भरल्या वॉर्डात कोलमडणार, हे मला स्पष्ट दिसलं. तिला वाचवायला म्हणून मी पटकन बोलून गेले, "तिची एक किडनी जरा कमजोर निघाली."

आई चहाचे पेले तिथेच ठेवून म्हणाली, "हाय रब्बा, हिची पण?"

संशय गेला. माझं काम झालं असं मला वाटलं. मुलीनं माझ्याकडे बघितलं, त्या नजरेत आभार होते. संध्याकाळी मी घरी जाऊन मोठ्या समाधानानं स्वयंपाक केला.

खरं तर मला कळायला हवं होतं. मी काही परक्या मुलखातून आलेली नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीला दाखवायचे कार्यक्रम व्हायचे तेव्हा आम्ही तिचा चष्मा काढून फडताळात ठेवायचो. एकदा तिला समोरचा मुलगा नीट दिसलाच नाही आणि तिनं चहा त्याच्या काकांपुढे धरला. त्यावर आम्ही घरात वर्षभर हसलो. लग्नाच्या मुलीच्या अंगातली एवढीशी उणीवही कुठवर जाते, हे मला शिकवायला पंजाब लागत नव्हता. पण वॉर्डात मी नर्स असायची. नर्सला किडनी दिसते, मुलगी राहून जाते.

पुढच्या आठवड्यांत आई डायलिसिसला मुलाबरोबर यायची, आणि मुलगीही यायची, पण आता वेगळी. आईनं तिला आजारी करून टाकलं होतं. दुष्टपणानं नव्हे, मायेनं. तिचं मीठ बंद. लोणचं बंद. जवाचं पाणी सकाळ-संध्याकाळ. बसचे धक्के नकोत म्हणून कॉम्प्युटरचा क्लास बंद. गुरुद्वाऱ्यात तिच्या नावानं अरदास, कुणा बाबांकडून आणलेला काळा दोरा कमरेला. दोन्ही लेकरांना एकच रोग लागला, अशी त्या बाईची समजूत झाली होती, आणि ती मला रोज विचारायची, "सिस्टर जी, हिला मशीन कधीपासून लावावं लागेल?" मी म्हणायची, तसं काही नाही हो माताजी, ती धडधाकट आहे. त्यावर ती समजूतदारपणे मान हलवायची. नर्स लोक खरं सांगत नाहीत, मुलाच्या वेळीही सुरुवातीला असंच सांगितलं होतं, असं ती शेजारणीला सांगायची. आणि ते खोटंही नव्हतं.

मग लग्न मोडलं. डायलिसिसच्या वॉर्डात माणसं तासन् तास बसून असतात, काहीही झाकून राहत नाही. नवऱ्यामुलाकडच्यांचं कुणी लांबचं नातेवाईक तिथे येऊन बसायचं, बातमी तिथूनच गेली. स्थळानं भांडण केलं नाही, अपशब्द काढला नाही. मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही, असा गोड निरोप पाठवला. ही बातमी मला आईनं सांगितली तेव्हा मी सलाइनची बाटली बदलत होते. त्या रात्री घरी जेवताना माझ्या लेकीनं विचारलं, "मम्मा, क्या हुआ?" तिला मराठी समजायचं, पण उत्तर ती हिंदीतच द्यायची. मी तिच्यावरच खेकसले, मराठीत बोल म्हणून. दुसऱ्यांवर खेकसणं मला नेहमी सोपं जातं.

मी सरांकडे गेले. सगळं सांगितलं, माझ्या जिभेनं काय केलं तेही. सर चिडले, पण फार नाही. ते म्हणाले, "सोपं आहे. पुन्हा तपासणी करू, आता ठीक आहे म्हणून सांगू." मी अक्षरशः पळत वॉर्डात आले. मुलीला बाजूला घेतलं, म्हटलं, सुटलीस. परत सोनोग्राफी करू, सगळं स्वच्छ निघेल, मीच तुझ्या आईला सांगेन.

ती शांतपणे म्हणाली, "आणि स्वच्छ निघाली, की मग?"

मला तेव्हा कळलं. स्वच्छ निघाली, की ती द्यावी लागणार. आणि न देता स्वच्छ असेल, तर भावाला नाही म्हणाली हे उघड होणार. मी तिच्यासाठी बांधलेल्या खोलीला तिसरं दार ठेवलंच नव्हतं. हे तिला केव्हाच समजलेलं होतं. मीठ नसलेली भाजी खाताना, घरात बसून, तिनं ते सगळ्या बाजूंनी पाहिलं असणार.

"वीरजींना पायऱ्या चढवत नाहीत आता," ती म्हणाली. "करा तपासणी."

तपासणी झाली. अर्थातच सगळं स्वच्छ. आईनं जमिनीला डोकं टेकवलं. बाबांच्या दोऱ्याला यश आलं. आणि नियमाप्रमाणे मला मुलीशी पुन्हा एकांतात बोलावं लागलं. तीच खोली, तेच स्टूल. मी विचारलं, तुला स्वतःहून द्यायची आहे ना?

"हांजी," ती म्हणाली.

हाच तो क्षण, ज्याच्याशी मी अजून झगडते. कमजोर हा शब्द तोंडातून निसटला, त्याची लाज वाटते, पण तो घाईत निसटला होता. या 'हांजी'च्या वेळी मला घाई नव्हती. दार लावलेलं होतं, समोर ती होती, आणि ते 'हो' कुठून आलंय हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी सरांना जाऊन सांगू शकले असते, की ही संमती खरी नाही. ते थांबले असते, इतके ते सरळ होते. मी सांगितलं नाही. भाऊ खरंच खंगत चालला होता, त्याच्या छातीत पाणी भरायचं, त्याची लहान पोर वॉर्डाच्या दारात उभी राहून हात हलवायची. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिलं. ते खरंही आहे. पण त्याच्याखाली दुसरं एक होतं: तिच्या 'हो'नं माझं खोटं पुसलं जाणार होतं. मला त्यातून सुटायचं होतं. मी सरांना म्हणाले, "ती तयार आहे."

शस्त्रक्रिया चांगली झाली. त्या काळी देणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा मोठी चीर पडायची, बरगडीखालून पार पाठीपर्यंत. भाऊ आपल्या पलंगावर दोन दिवसांत हसायला लागला. लघवी झाली, म्हणजे नवी किडनी चालू लागली, म्हणून वॉर्डानं आनंद केला. बहीण कुशीवर वळू शकत नव्हती. मी तिचं अंग पुसायची, वेणी घालायची, ड्यूटी संपल्यावरही थांबायची. ती फारसं बोलायची नाही. मला माफी मागायची होती, पण आई हलायचीच नाही तिच्या उशापासून. आणि आई नसती तर मी मागितली असती का, हेही मला ठामपणे सांगता येत नाही.

घरी सोडायच्या दिवशी मी टाके बघितले आणि आईला समजावून सांगितलं: जड उचलायचं नाही, पाणी भरपूर, मीठ नेहमीसारखं, लोणचंसुद्धा चालेल. मग मी मुद्दाम मोठ्यानं, सगळ्या पलंगांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माताजी, हिची किडनी एकदम चांगली आहे. ज्यांना ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

आईनं विचारलं, "कोणती? दिली ती, की राहिली ती?"

"दोन्ही. पहिल्यापासून."

ती थबकली. भोळी होती, पण खुळी नव्हती. "पहिल्यापासून चांगली होती? मग तेव्हा तुम्ही कमजोर का म्हणालात?"

इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते, तो प्रश्न समोर उभा होता. खरं सांगावं तर मुलीचा नकार उघडा पडतो, असं मी त्या क्षणी मनाशी म्हटलं. पुन्हा तिचीच ढाल केली.

मुलगी पलंगाच्या कडेवर, बरगडीखाली हात धरून बसली होती. तिनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलंच नाही.

"मम्मी," ती म्हणाली, "तेव्हा तपासणीचं मशीन बिघडलं होतं."

किती साधं होतं. कुणाच्या अंगावर डाग नाही, कुणाचं लग्न मोडायला नको. मला महिनोन् महिने सुचलं नव्हतं ते तिला एका श्वासात सुचलं, आणि तिनं ते स्वतःसाठी वापरलं नाही, माझ्यासाठी वापरलं.

आई माझ्याकडे वळली. "असं झालं होतं का, सिस्टर जी?"

"हांजी," मी म्हणाले. "मशीनच बिघडलं होतं."