कुलूप लावलेल्या फाइली

सौंसरच्या एका जिनिंग कारखान्यात मी कॉम्प्युटरवर बसत असे. तिथं माझ्या डोळ्यांदेखत एका भावानं दुसऱ्या भावाच्या हातात लोखंडी आकडा आरपार घातला. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नागपूरला कोर्स करून मी नुकतीच कामाला लागले होते.

कारखाना दोघा भावांचा. मोठे भाऊ कमी बोलणारे. लहान्या भावांचा हात तोंडाआधी चाले. हंगामाच्या सुरुवातीला त्यांनी खेळाची फ्लॉपी घालून बटणं दाबली आणि कापसाच्या आवकीचा अख्खा प्रोग्राम पुसून टाकला. म्हातारे मुनीमजी काही बोलायला गेले, तर त्यांना अशी थोबाडीत बसली, की ओठ फुटून ते सरकीच्या पोत्यांवर पडले.

प्रोग्राम पुन्हा घातल्यावर मोठ्या भावांनी नागपूरला फोन करून एक कमांड विचारून घेतली. स्वतः बसून त्यांनी फाइलींना कुलूप लावलं. त्या चालतील, पण पुसता किंवा बदलता येणार नाहीत. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, मलाही नाही.

पुढं नवीन प्रोग्राम घेऊन नागपूरच्या बसनं इंजिनीअर आला. मोठे भाऊ बोरगावला गेले होते. कॉम्प्युटरच्या काचेच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, असा नियम होता. लहाने भाऊ बुटांसकट आत येऊन आमच्या मागं उभे राहिले. फ्लॉपी थोडी घरघरली आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. पुन्हा केलं, पुन्हा तीच.

"काय म्हणून राहिला हा डब्बा?"

"परवानगी नाही म्हणतोय," इंजिनीअर म्हणाला.

"कोनाले? मले? माह्याच कारखान्यात?"

चापट एवढ्या जोरात बसली की इंजिनीअरचा चष्मा उडाला. गाल धरून तो म्हणाला, "साहेब, जुन्या फाइली कोणीतरी बंद केल्या आहेत. मी आत्ता उघडतो."

लहाने भाऊ माझ्याकडं वळले. "तू केल्या काय वं?"

मी नाही म्हणेपर्यंत माझी वेणी त्यांच्या मुठीत होती. मान मागं ओढली गेली. वरचा पंखा तेवढा मला दिसत होता.

"सोड तिले. म्या केल्या."

बोरगावहून परतलेले मोठे भाऊ दारात उभे होते. बोलतच ते आत आले. "तू पुन्हा पुसशील म्हणून केल्या. आनखी काय पाहिजे तुले?"

लहान्या भावांनी माझी वेणी सोडली. आरडाओरडा ऐकून गाठी उचलणारे हमाल दाराशी जमले होते. त्यांच्यातल्या एकाच्या हातातला आकडा लहान्या भावांनी हिसकला आणि पडद्यावर उगारला. मोठ्या भावांनी हात आडवा घातला. आकडा तळहातातून पलीकडं निघाला. ते ओरडलेसुद्धा नाहीत. हिसडा देऊन लहान्या भावांनी तो उपसला आणि दुसरा घाव पडद्यावर घातला. मोठा आवाज झाला, काचा माझ्या दंडात घुसल्या.

ते तिसऱ्यांदा हात उगारत होते. माझ्या हाताला लाकडी स्टूल लागलं. दोन्ही हातांनी उचलून मी ते त्यांच्या खांद्यावर हाणलं. ते खाली पडले आणि हमालांनी त्यांना दाबून धरलं. मी मात्र स्टूल उगारूनच उभी होते. "बाई, ठेवा आता," असं इंजिनीअरला सांगावं लागलं.

सरकारी दवाखान्यात मोठ्या भावांनी "मशीनीत हात गेला" असं लिहून दिलं. मी कोणाला काही सांगू नये, असं ते म्हणाले नाहीत. पण कोणी विचारायलाही आलं नाही.

चारसहा दिवसांनी इंजिनीअर नवा पडदा घेऊन आला. यायला धजला, याचंच मला आश्चर्य वाटलं. त्यानं फाइली उघडल्या आणि नवीन प्रोग्राम चहा निवायच्या आत चढला. मोठे भाऊ गळ्यात हात अडकवून शेजारी बसले होते. त्यांना पडद्याकडं बघवत नव्हतं.

हंगाम संपताच वाटण्या झाल्या. लहाने भाऊ पांढुर्ण्याला निघून गेले. मोठ्या भावांची दोन बोटं पुढं कधी मिटली नाहीत. काचा लागल्या त्याच आठवड्यात घरी आई म्हणाली, "नोकरी सोड." मी सोडली नाही. बाबा माझ्या दंडावरची पट्टी बदलत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तू हाणलं, तं त्याले लागलं काय?"

"लागलं," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले आणि पट्टीची गाठ घट्ट केली.