खुरप्याची मूठ आणि साठ सालचा आवाज

कळंबला आमचा ऑर्केस्ट्रा होता. चांगली पंधरा वर्षं टिकला. किती कार्यक्रम केले असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही, पण गिटारीवरून झालेली भांडणं मात्र सगळी आठवतात. गाणी विसरायला होतात राव, किस्से तेवढे साचत राहतात!

गिटारवाले आम्ही दोघं, मी आणि मिलिंद. तो शाळेत मास्तर. ऑक्टोपॅडवर कोंडीभाऊ, घरची मेंढरं सांभाळून तालमीला येणारा.

नव्वद सालानंतर कधीतरी मिलिंदनं पुण्याहून रीइश्यू गिटार आणली. म्हणजे साठ सालचं जुनं मॉडेल कंपनीनं पुन्हा हुबेहूब काढलेलं. माझ्या आईला त्यानं कौतुकानं दाखवली.

"किती सालची रं?"

"मॉडेल साठ सालचं हाय, काकू. गिटार नवी."

आई म्हणाली, "लोकं जुनं नवं म्हणून खपवत्यात. तुला नवं जुनं म्हणून खपवलं व्हय!"

*

मग मलाही रीइश्यू हवीच होती. आम्ही तिघं पुण्याच्या दुकानात गेलो. सेल्समन एकेक गिटार हातात देई आणि नेकचा, म्हणजे डाव्या मुठीत धरायच्या भागाचा, आकार समजावून सांगे. ही सी शेप, ती यू शेप. माझा गोंधळ वाढतच चाललेला.

कोंडीभाऊला गिटारीतलं काही येत नव्हतं. त्यानं दोन्ही नेक मुठीत धरून बघितल्या.

"ह्यो कुऱ्हाडीचा दांडा. ही खुरप्याची मूठ. दिसभर धरायची आसंल तर खुरपं घे."

मी खुरपं घेतलं!

दोन महिन्यांनी तारा आणायला गेलो, तर तोच सेल्समन एका कॉलेजच्या मुलीला सांगत होता, "मॅडम, ही घ्या. एकदम खुरप्याची मूठ आहे!"

*

पुढं आम्ही नेकला सरळ 'मान'च म्हणायला लागलो. ते एकदा डिंभ्याला अंगाशी आलं.

धरणाकाठची दमट हवा. मिलिंदच्या गिटारीची मान वाकली आणि तारा इतक्या वर गेल्या की दाबता दाबेनात. तो धावत एसटीडी बूथवर गेला आणि पुण्याच्या दुकानात फोन लावला. मागं ही रांग.

"साहेब, मान वाकलीय! … हो, पुढच्या बाजूला. … आतला स्क्रू फिरवू म्हणता? … पाव वेढा? … आणि मोडली तर?"

रांगेतल्या एका आजीनं त्याचा हात घट्ट धरला. "लेकरा, स्क्रू नगं फिरवू. गावात हाडवैद्य हाय!"

*

आमचा खरा वाद पिकअपचा. तारांचा आवाज पकडणारी ही चुंबकाची डबी, आत तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. मिलिंदच्या पिकअपला एकेरी कॉइल. आवाज काचेसारखा, पण वीज आसपास असली की घुंईं सुरू! माझ्या पिकअपला दुहेरी कॉइल. घुंईं नाही, पण मिलिंद म्हणायचा, "घोंगडी पांघरून बोलल्यासारखी वाटती तुझी गिटार."

निमगाव साव्याच्या एका लग्नात जनरेटर स्टेजला खेटूनच होता. मिलिंदची गिटार घोंघावायला लागली. दिशा बदलली की आवाज कमी व्हायचा, म्हणून तो फिरत फिरत शेवटी वऱ्हाडाकडं पाठ करून उभा राहिला. घुंईं बंद! मग तो तसाच वाजवत राहिला.

तिसऱ्या गाण्याला नवरीचा मामा जिलेबीचं ताट घेऊन स्टेजवर. "पावणं, काय चुकलं आसंल तर सांगा, पण आसं रुसू नका!"

मिलिंदनं ताट रिकामं केलं. तोंड काही फिरवलं नाही.

*

अखेर सोक्षमोक्ष लावायला आम्ही कोंडीभाऊचे डोळे टॉवेलनं बांधले. मी एक तुकडा वाजवला, मग तोच पुन्हा.

"दुसरी गिटार लई गोड," कोंडीभाऊ म्हणाला.

"दोन्ही बारीला एकच व्हती!" आम्ही ओरडलो.

टॉवेल सोडत तो शांतपणे म्हणाला, "मंग पहिल्या बारीला तुझं ध्यान नव्हतं."

*

मिलिंदच्या वडिलांना, तात्यांना, यातलं काहीच पसंत नव्हतं. हायवेला त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. "तारा मीबी गुंडाळतो," ते म्हणायचे, "पन माझ्या तारांनी रानात पाणी येतं. तुझ्या तारांनी काय येतं?" आमच्या एकाही कार्यक्रमाला तात्या आले नव्हते.

एका जयंतीला, ऐन कार्यक्रमाच्या सकाळी, मिलिंदचा पिकअप मेला. आतली तार तुटलेली. केसाहून बारीक. त्यानं स्वतः गुंडाळून बघितली, तर तीनदा तुटली. शेवटी पिकअप रुमालात घेऊन आम्ही दोघं तात्यांच्या दुकानात गेलो. मिलिंदनं तो टेबलावर ठेवला.

तात्यांनी चष्मा चढवला. "एवढीशी मोटर?"

"मोटर न्हाई, तात्या. गिटारीचं हाय."

तात्यांनी पिकअप उजेडाला धरून बघितला. मग स्टार्टरातल्या एका जुन्या रिलेची बारीक तार उसवायला घेतली. "जा तुमी. हितं उभं ऱ्हाऊ नका."

संध्याकाळी मिलिंदनं पहिला सूर छेडला आणि मी वाजवायचाच थांबलो. इतका भरदार, तरी स्वच्छ आवाज त्या गिटारीतून आम्ही कधी ऐकला नव्हता. समोर पहिल्या रांगेत तात्या! इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

कार्यक्रम संपल्यावर पुण्याचा एक गिटारवाला स्टेजमागं आला. "हा पिकअप रीइश्यूचा नाही. ओरिजिनल साठ सालचा आहे! कुठं मिळाला?"

मिलिंदनं तात्यांकडं बोट केलं. "वडलांनी गुंडाळलाय."

पुण्याच्या गिटारवाल्यानं खिशातून डायरी काढली. "काका, नेमके किती वेढे दिलेत? प्लीज, आकडा सांगा!"

तात्यांनी जरा आठवून बघितलं.

"टपरीवरनं च्या येईस्तवर."